चर्चचं छप्पर

रविवारी आमच्यात कागद वाचलेला चालतो, त्यावर सही केलेली चालत नाही. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते विचारू नये. तर्प्स्त्रांच्या घरात दौवे आजोबांपासून हे असंच चालत आलंय. सफरचंदं झाडावर कुजली तरी रविवारी तोडायची नाहीत, आणि सरकारने दाराला टाळं ठोकायची नोटीस काढली तरी रविवारी पेनाला हात लावायचा नाही.

म्हणून हार्मने चर्चमधून आल्याआल्या तो जाड लिफाफा सुपाच्या भांड्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, “आज फक्त वाचायचं. टॅलबट वकील उद्या सकाळी आठला येतायत, नोटरीबाईंना घेऊन. शपथ आणि सही तेव्हा.”

त्याच्या आईने, रेन्स्केने, मान डोलावली आणि डाव्या हाताने सूप वाढत राहिली. ब्याऐंशी वर्षांची झाली तरी रविवारचं सूप तीच वाढायची, आणि डाव्याच हाताने, कारण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही. तरुणपणी सफरचंदाच्या शिडीवरून पडली होती म्हणे. लिफाफ्यात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. त्यात काय नसावं, ते मात्र तिला पक्कं माहीत होतं, आणि गेले पंधरा दिवस त्या एकाच भीतीने तिला धड झोप नव्हती.

टेबलाशी चौघंच होती. हार्मची बायको लोईस आजारी बहिणीकडे गेली होती. हार्म, त्याची धाकटी बहीण फेम्के, त्याची मुलगी ज्युडिथ आणि मधे रेन्स्के. रेन्स्केच्या नवऱ्याची, वीबेची, खुर्ची तो गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

“वाच,” हार्म ज्युडिथला म्हणाला.

ज्युडिथने लिफाफा उघडला. तर्प्स्त्रांचं जुनं कोठार लग्नांसाठी भाड्याने दिलं जायचं, आणि त्या लग्नांची सगळी व्यवस्था तीच बघायची. दोन वर्षं आधी लोक तारीख धरायचे. मोठ्या तळ्यापलीकडून, शिकागोहूनसुद्धा यायचे. ऑक्टोबरात लोरीचा अर्ज आला तोही तिच्याचकडे. लोरी तिच्या वर्गातली, रविवारच्या शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसणारी. वराच्या नावापुढे लोरीने ‘डाना’ लिहिलं होतं आणि शेजारी कंसात, गंमत म्हणून, ‘तीही वधूच’. ज्युडिथने तो अर्ज बापाला दाखवला. बापाने उत्तर सांगितलं, हिने टाइप केलं आणि पाठवलं. ‘आमच्या कोठारात एक पुरुष आणि एक स्त्री यांचं, देवाने घालून दिलेलं, जन्माचं लग्नच होऊ शकतं.’ लोरी सरळ राज्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार घेऊन गेली. नव्या कायद्याप्रमाणे चार लोकांसाठी उघडलेलं दार पाचव्याच्या तोंडावर लावता येत नाही. आता एक तर हार्मने स्वतःची श्रद्धा प्रामाणिक आहे, पहिल्यापासून एकसारखी आहे हे शपथेवर दाखवायचं, नाहीतर कोठार सगळ्यांना उघडायचं किंवा कायमचं बंद करायचं.

“जन्माचं,” फेम्के पावाला लोणी लावत म्हणाली. “हा शब्द माझा फार आवडता आहे.”

“फेम्के, आज नको.”

“मी कुठे काय म्हटलं? माझं दुसरं लग्न त्याच कोठारात झालं आणि दिव्यांच्या माळा तूच लावल्या होत्यास, एवढंच आठवलं मला.”

“तुझं वेगळं. मार्टिन त्या दातांच्या डॉक्टरणीबरोबर गेला. व्यभिचार झाला असेल तर शास्त्रात मुभा आहे. मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय एकोणीस.”

“आणि जूनमधला तो गृहस्थ? तिसरी बायको करत होता. केकवर तीन नंबर लिहायचा बाकी ठेवला होता.”

“त्याला आपण काही विचारलं नव्हतं.”

“तेच म्हणते मी. लोरीला तरी कशाला विचारलंस?” फेम्केने पाव तोंडात घातला. “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ नाही. हेही मत्तयच आहे हं. अध्याय सात.”

हार्मने पावाचा तुकडा सुपात बुडवला. तो मंडळीचा वडीलजन होता. वर्षातून एकदा घरोघर जाऊन लोकांना त्यांच्या आत्म्याचं कसं चाललंय ते विचारायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते तो मनापासून करायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त नियम लिहिलेला लागायचा आणि ओळ सरळ लागायची. “वाच गं तू,” तो म्हणाला.

ज्युडिथने वाचलं. “मी, हार्म तर्प्स्त्रा, शपथेवर सांगतो की, एक: माझे आईवडील, वीबे आणि रेन्स्के तर्प्स्त्रा, यांचं लग्न १९६२ साली याच कोठारात झालं, कारण त्या वर्षी आमच्या चर्चच्या छपराचं काम चालू होतं. कोठारात लग्नं होण्याची आमची परंपरा तिथून सुरू झाली.”

पळी भांड्यावर आपटली. थोडं सूप टेबलक्लॉथवर सांडलं.

“ते छपराचं कशाला घातलंय त्यात?” रेन्स्के म्हणाली.

“बेप्पे, ते तर आपल्या माहितीपत्रकावर आहे,” ज्युडिथ म्हणाली. आजीला ती जुन्या देशातल्या भाषेत ‘बेप्पे’ म्हणायची, आजोबांना ‘पाके’. “पहिल्याच पानावर. लोकांना फार आवडतं ते. टॅलबट म्हणाले, सुरुवात मनाला भिडणारी हवी.”

“पत्रकावर आहे म्हणून शपथेवर घालायचं?”

“खरंच आहे ना पण?”

रेन्स्के सांडलेलं सूप पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच राहिली.

“पुढे,” हार्म म्हणाला.

ज्युडिथने दोन आणि तीन भरभर वाचून काढलं. “चार: या कोठारात शास्त्राच्या शिकवणीविरुद्ध असलेलं एकही लग्न आमच्या कुटुंबाने आजवर जाणूनबुजून होऊ दिलेलं नाही.”

“हे चौथं महत्त्वाचं,” हार्म म्हणाला. “सगळा खटला त्यावर उभा आहे. समोरच्या वकिलाने काउंटीतून कोठारातल्या सगळ्या लग्नांचे दाखले मागवलेत, अगदी पहिल्यापासून. मागवू दे की. आपल्याला कसली भीती?”

ज्युडिथचं लक्ष आजीकडे गेलं. रेन्स्केने एप्रनच्या खिशातून पेपरमिंटची डबी काढली होती आणि एक गोळी तोंडात टाकली होती. ज्युडिथने जन्मात कधी आजीला चर्चच्या बाहेर पेपरमिंट खाताना पाहिलं नव्हतं. प्रवचन सुरू झालं की एक, मधे एक, आणि पाळक नरकापर्यंत पोहोचले की तिसरी, असा तिचा हिशोब. आज तर टेबलाशी पाळक नव्हते. आपण टाइप केलेल्या त्या एका पत्राने हे काय ओढवून घेतलंय, असं ज्युडिथला वाटलं, आणि काय ते विचारायची हिंमत होईना.

“बेप्पे, बरं वाटत नाहीये का?”

रेन्स्केने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. पहिले दाखले, पहिल्यापासून. त्यातल्या पहिल्याच दाखल्यावर तिच्या स्वतःच्या अक्षरात एक रकाना भरलेला होता. साक्षीदार म्हणून खाली सही होती त्रिन्येची, आणि त्रिन्ये ही लोरीची आजी. ती मागच्या हिवाळ्यात गेली तेव्हा रेन्स्के मनापासून रडली होती, आणि रडतारडता तिला हेही वाटलं होतं की चला, आता माहीत असणारं शेवटचं माणूस गेलं. त्या विचाराची तिला अजून लाज वाटत होती. त्रिन्येने नातीला काही सांगितलं असेल का? सांगितलं नसेल तरी काय, तो दाखला येणारच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आता ती मूठ दुसरंच कुणीतरी उघडणार होतं. आणि त्याआधी, उद्या सकाळी आठ वाजता, तिचा मुलगा देवाचं नाव घेऊन खोटी शपथ घेणार होता. त्याचा त्यात काहीएक दोष नसताना.

“छपराला काही झालं नव्हतं,” ती म्हणाली.

“कुठल्या छपराला?” हार्मने विचारलं.

“चर्चच्या. बासष्ट साली. नवंकोरं होतं. एक थेंब गळत नव्हता.”

फेम्केने सुरी खाली ठेवली.

“त्यांनी आमचं लग्न लावायला नकार दिला, हार्म. म्हणून कोठारात झालं.”

“कुणी नकार दिला?”

“तू आज वडीलजनांच्या ज्या बाकावर बसतोस, त्या बाकावरच्या माणसांनी. तिघं आले होते. पुढच्या खोलीत बसले, टोप्या गुडघ्यावर ठेवून. त्यातला एक म्हणाला, पहिल्या नवऱ्याने परस्त्री केली होती का? मी म्हटलं, नाही. मग काय केलं होतं? मी म्हटलं, मारायचा. ते म्हणाले, मारल्याने लग्न मोडत नाही.”

“पहिला नवरा,” हार्म म्हणाला. त्याने ते शब्द असे उच्चारले की जणू कुणा दुसऱ्याच्या आईबद्दल चाललंय.

मग रेन्स्केने सांगितलं. फार वेळ लागला नाही. साठ वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सूप निवायच्या आत सांगून होते, याचं तिलाच नवल वाटलं. आयोवातलं गाव. अठराव्या वर्षी लग्न. येल्मर नाव. दिसायला देखणा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर. अकरा महिने. एकदा त्याने तिला मक्याच्या कोठीत दोन दिवस कोंडलं होतं. शेवटी हात पिरगाळला तो खांद्यातून निखळला, आणि ती तशीच बसमध्ये बसून इकडे मामाकडे आली, सफरचंदं पेटीत भरायच्या कामाला. तिथे वीबे पेट्यांना खिळे मारायचा.

“म्हणजे शिडीही नव्हती?” फेम्केने विचारलं.

“शिडीही नव्हती.”

“आणि तुझे सासरे?” हार्म म्हणाला. “दौवे आजोबा? त्यांना हे चाललं?”

“त्यांनीच कोठार रिकामं केलं. पाळक येत नसतील तर न्यायाधीश येईल म्हणाले, आणि देव काय, तो न सांगताही येतो. शेजारच्या काउंटीतून न्यायाधीश आणला. त्रिन्येने साक्ष घातली. गावातलं दुसरं कुणी आलं नाही.”

“म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.”

“सगळ्या. आपलं गाव तुला माहितीय, एकदा गप्प बसायचं ठरवलं की ओंडक्यासारखं गप्प बसतं. तू शाळेत जायला लागलास, पोरं विचारायला लागली, की यांचं लग्न कोठारात का. तेव्हा त्रिन्येने छपराचं सांगून टाकलं. तिनेच बसवलं ते छप्पर. मग सगळे तेच म्हणायला लागले. मग मीही.”

फेम्के उठली. खुर्ची मागे सरकवून ती सिंकपाशी गेली आणि परत फिरली. ती चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही. “मी मार्टिनचं सांगायला आले होते तेव्हा तू कुठे बसली होतीस आठवतं, आई? इथेच. काय म्हणालीस? ‘आपल्या घरात हे पहिल्यांदाच होतंय.’ मी वर्षभर मान वर करून चर्चमध्ये बसले नाही. पहिल्यांदाच म्हणे.”

“चुकलं माझं.”

“एवढंच?”

“घाबरले होते गं. तुझ्यावर बोलले नसते तर लोकांना माझं आठवलं असतं.”

फेम्केने कोट घेतला. दारातून म्हणाली, “हार्म, एरवी मी तुझ्या विरुद्ध असते. आज मला तुझी दया येतेय,” आणि गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

हार्म खिडकीपाशी उभा होता. समोर कोठार दिसत होतं. लाल रंग त्यानेच मागच्या वसंतात दिला होता. त्याला राग येत नव्हता. त्याला भीती वाटत होती, लहानपणी अंधाऱ्या तळघरात बटाटे आणायला पाठवल्यावर वाटायची तशी, साधी. आधीच्या लग्नाचा रकाना भरलेला तो दाखला कोर्टात सगळ्यांसमोर वाचला जाईल. ‘तुमच्या आईचं लग्न तुमच्या शास्त्रात बसतं का, मिस्टर तर्प्स्त्रा?’ हो म्हटलं तर मत्तय एकोणीस गेलं. नाही म्हटलं तर आई व्यभिचारात राहिली, आणि आपण व्यभिचाराचं पोर. कुठल्याही बाजूने बोललं तरी आपणच कापले जातोय. आणि मंडळी? पुढच्या वर्षी कुणाच्या पुढच्या खोलीत जाऊन तो बसणार होता, आणि कुठल्या तोंडाने?

मग त्याला काहीतरी आठवलं, आणि तो वळला.

“पण तू प्रभुभोजन घेतेस. मी लहान असल्यापासून बघतोय. पापात राहणाऱ्याला मंडळी घेऊ देत नाही.”

“चार वर्षं दिलं नाही. मागच्या बाकावर बसायचो आम्ही, भाकर समोरून जायची.”

“मग?”

“मग तू आलास,” रेन्स्के म्हणाली. “तुला बाप्तिस्मा द्यायचा होता. आईबाप मंडळीत नसतील तर मूल कसं घेणार? म्हणून सहासष्ट साली आम्ही दोघं सगळ्यांसमोर उभे राहिलो. पाळकांनी वाचलं, सातव्या आज्ञेविरुद्ध, म्हणजे व्यभिचाराचं, पाप झालं, मनापासून पश्चात्ताप होतो का? आम्ही हो म्हटलं. पुढच्या रविवारी तुझा बाप्तिस्मा झाला.”

हार्म हळूच खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. “आई,” तो म्हणाला, “मग काही बिघडलेलं नाही.”

“काय बिघडलेलं नाही?”

“पाप झालं, तू कबूल केलंस, क्षमा झाली. हेच तर आपलं म्हणणं आहे. लोरीला पश्चात्ताप नाही, तुला होता. हाच फरक. छपराची ओळ काढू, चौथं तसंच ठेवू, आणि तुझं एक छोटं पान जोडू. तू जे तेव्हा म्हणालीस तेच उद्या एकदा म्हणायचं.” तो तिच्याशी इतक्या प्रेमाने बोलत होता की ज्युडिथला ते ऐकवेना. “दाखला येऊ दे मग. आपणच आधी सांगितलेलं असेल.”

“डॅड,” ज्युडिथ म्हणाली, “पाकेशी लग्न केल्याचा बेप्पेला पश्चात्ताप झाला, असं शपथेवर लिहायचं?”

“ते आधीच झालंय. मंडळीच्या नोंदीत असेल.”

“पश्चात्ताप झाला होता तर सत्तावन्न वर्षं त्यांच्याबरोबर राहिली कशी?”

“तू मधे पडू नकोस. एक पत्र टाइप करायला सांगितलं होतं तेव्हा काही बोलली नाहीस.”

ज्युडिथचे डोळे भरून आले, कारण ते खरं होतं.

रेन्स्केने दोघांकडे पाहिलं. “उद्या बघू,” म्हणाली, आणि ताटं गोळा करायला लागली.

*

टॅलबट वकील बरोबर आठला आले. दक्षिणेतले, चकचकीत बुटांचे, बोलायला गोड. बरोबर नोटरी मिसेस पूल, हातात शिक्क्याची पेटी. फेम्केही आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. दाराजवळ उभी राहिली, कोट न काढता.

हार्मने सगळं सांगितलं. रविवारी त्याने काही लिहिलं नव्हतं, घड्याळात बारा वाजून गेल्यावर, म्हणजे सोमवार लागल्यावर, एकच कागद लिहिला होता. टॅलबटनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“मिस्टर तर्प्स्त्रा, हे आधीपेक्षा चांगलं आहे. हे सोनं आहे. तुमच्या कुटुंबाने स्वतःच्या आईलाही सूट दिली नाही. याहून प्रामाणिक श्रद्धा कुठली?” मग ते रेन्स्केकडे वळले. “आजी, तुमचंच आधी घेऊ. तीनच ओळी आहेत. मिसेस पूल वाचतील, तुम्ही उजवा हात वर करून हो म्हणायचं.”

मिसेस पूलनी वाचलं. “१९६२ साली वीबे तर्प्स्त्रा यांच्याशी केलेलं माझं लग्न देवाच्या आज्ञेविरुद्ध होतं. मी ते पाप मंडळीसमोर कबूल केलं. त्याचा मला मनापासून पश्चात्ताप आहे.”

रेन्स्केला हे शब्द ओळखीचे होते. सहासष्ट साली तिने पांढरे हातमोजे घातले होते, म्हणजे हात थरथरलेले दिसू नयेत. वीबे शेजारी उभा होता, त्याचा चेहरा पेटीच्या लाकडासारखा. सगळे बघत होते. पाळकांनी विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली. घरी येताना वीबेने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली होती आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला होता. त्यानंतर ते दोघं त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. एकदाही नाही. तिला देवाची भीती वाटायची ती त्या लग्नासाठी नाही. ती त्या ‘हो’साठी वाटायची. रोज वाटायची. प्रभुभोजनाची भाकर घेताना तर घशाखाली उतरायची नाही.

“आजी?” टॅलबट म्हणाले.

“मला हे नाही म्हणता येणार.”

“आई, तू म्हणाली आहेस एकदा,” हार्म हळू आवाजात म्हणाला.

“तेव्हा मी खोटं बोलले.”

फेम्के दारापासून दोन पावलं आत आली.

“देवासमोर खोटं बोलले मी, हार्म. मला पश्चात्ताप नव्हता. एका दिवसाचाही नाही. तुझा बाप माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होता, आणि मी भर चर्चमध्ये उभं राहून त्याला पाप म्हटलं, आणि तो शेजारी उभा राहून ऐकत होता. तुला बाप्तिस्मा मिळावा म्हणून. आता पुन्हा तेच म्हणायचं, कशासाठी? त्रिन्येच्या नातीला दारातून हाकलता यावं म्हणून?”

हार्म म्हणाला, “मग माझा बाप्तिस्मा खोट्यावर झाला.”

त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून टॅलबटनीसुद्धा कागदावरून नजर वर केली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण बोलला तो अगदी लहान पोरासारखा.

“मी खोटी होते,” रेन्स्के म्हणाली. “पाणी खरं होतं. आपल्याच विहिरीचं होतं, दौवे आजोबांनी घागर भरून नेली होती. पाण्याला काही माहीत नव्हतं रे.”

टॅलबटनी घसा साफ केला. “मिस्टर तर्प्स्त्रा, मला स्पष्ट बोललं पाहिजे. हे पान जोडलं नाही आणि दाखला समोर आला, तर आपल्याकडे काही उरत नाही. आईंनी काही बोलायची गरज नाही, कायदा त्यांना भाग पाडत नाही. छपराची ओळ काढू, चौथ्यात ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असं घालू. पण तुम्हाला आज शपथ घ्यावी लागेल. नाहीतर कोठार जाईल.”

“माझ्या माहितीप्रमाणे,” हार्म म्हणाला. “पण मला माहीत आहे.”

“कालपर्यंत नव्हतं.”

“आज सोमवार आहे.”

मिसेस पूलनी शिक्का पेटीतून काढला होता, तो परत ठेवावा की नाही ते त्यांना कळत नव्हतं. हार्म खिडकीकडे बघत होता. कोठाराचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. आत शनिवारच्या लग्नाच्या खुर्च्या नव्हत्या, काही नव्हतं, नुसती फरशी. बासष्ट साली तिथे एकवीस वर्षांची एक मुलगी उभी होती, हात वर न जाणारी, आणि गावातलं कुणी आलं नव्हतं. दार लावणाऱ्यांच्या बाकावर आपण बसतो. ज्युडिथने पाहिलं, बापाचे हात टेबलावर उताणे पडले होते.

“काय करायचं?” टॅलबट म्हणाले. “मी लिहू तरी काय?”

“मला भीती वाटते, आई,” हार्म म्हणाला.

“मलाही,” रेन्स्के म्हणाली. “साठ वर्षं झाली.”

तिने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. हार्म उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे गेला आणि तिच्या कोपराखाली आपला हात धरला. हात वर गेला.

“ती सांगेल तसं लिहा,” तो वकिलांना म्हणाला.

टॅलबटनी पेन उघडलं. रेन्स्केने एकदा भिंतीला टेकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

“पहिल्यापासून लिहा,” ती म्हणाली. “१९६२ साली आमच्या चर्चच्या छपराला काहीही झालेलं नव्हतं.”